पाच नंबरचा पाय

लाँड्रीच्या मालकिणीचा एक नियम होता. घरातलं माणूस गोड बोलायला लागलं की आधी कपाटाची किल्ली कमरेला आहे का ते चाचपायचं आणि मगच उत्तर द्यायचं. सोमवारी सकाळी सुनेने न मागता चहा आणून दिला आणि वर "आई, पाय कसा आहे आज?" असंही विचारलं. मालकिणीने चहा घेतला, किल्ली चाचपली आणि म्हणाली, "पायाला काय धाड भरलीय?"

धाड भरलीच होती. उजव्या तळव्याला, बोटं जिथे सुरू होतात त्याच्या जरा मागे, निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी आग व्हायची. चालताना कमी, सायकलवर जास्त. पेडल दाबलं की निखारा फुलायचा आणि मधल्या दोन बोटांना अशा मुंग्या यायच्या, की ती बोटं आपली की शेजारणीची तेही कळू नये. दोन महिने झाले होते. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दुखणं सांगितलं की माणसं औषध आणत नाहीत, खुर्ची आणतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

लाँड्री म्हणजे गल्लीतल्या तीन खोल्या. मागे धुण्याची यंत्रं आणि हौद, ते लेकाकडे. मधे इस्त्रीचं टेबल, पंखा आणि रेडिओ, ते सुनेकडे. पुढे दार, दाराशी एक लाकडी खुर्ची आणि खुर्चीला टेकून मालकिणीची काळी सायकल. रोज सकाळी इस्त्रीचे गठ्ठे कॅरियरला बांधून ती चाळीस घरं फिरायची. धुतलेलं द्यायचं, मळलेलं घ्यायचं, डाग निघाला नाही म्हणून कुणी दोन शब्द बोललं की त्याला चार परत करायचे. सव्वीस वर्षं असं चाललं होतं. नवरा होता तेव्हाही फेरी तिचीच होती. तो बिचारा यंत्रांशी बोलायचा, माणसांशी बोलायला ही होती.

या घरात कुठे लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं: फेरी ज्याची, लाँड्री त्याची. तिच्या सासूने गुडघ्यांपायी फेरी सोडली तेव्हा सासूची खुर्ची दाराशीच होती. महिन्याभरात ती खिडकीशी गेली. वर्षभरात मागच्या खोलीत गेली, जिथे नुसती यंत्रांची घरघर ऐकत बसायचं. "इथे वारा लागतो हो, जरा तिकडे बसा," असं म्हणत ती खुर्ची दर वेळी कुणी हलवली, तेही मालकिणीला चांगलं आठवत होतं. तिनेच हलवली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही.

चहा संपतो न संपतो तोच लेक हात पुसत बाहेर आला.

"आई, चढावरची आठ घरं सोडून दे ना. संध्याकाळी मी टाकत जाईन गाडीवरून."

"का? चढाने तुझ्याकडे तक्रार केलीय?"

"तसं नाही. पण तू म्हणे तिथे उतरून सायकल ढकलत नेतेस."

"कोण म्हणे?"

यंत्राची शिट्टी ऐकू आल्यासारखा लेक लगबगीने मागे गेला. यंत्र बंद होतं.

कोण म्हणे, हे सांगायला ज्योतिषी नको होता. चढाच्या टोकाला शेवटचं घर तिच्या नणंदेचं. वयाने दोन वर्षांनी मोठी, याच लाँड्रीत जन्मलेली, आणि आता दिवसभर खिडकीत बसून रस्त्याची रखवाली करणारी. नणंदेचे पाय आठ नंबरचे. मालकीण लग्न होऊन आली त्या आठवड्यात दोघींच्या चपला दाराशी शेजारी शेजारी पडल्या होत्या, आणि सासरा सहज म्हणून गेला होता, "सुनेचा पाय बघा, पाच नंबर. आणि आमच्या लेकीच्या होड्या!" सासरा बोलून विसरला. मालकीण विसरली नाही. नणंद जरा वरचढ बोलायला लागली की ही खाली बघायची आणि म्हणायची, "वन्सं, होडी बाजूला घ्या, मला जायचंय." पाच नंबर हा नुसता पाय नव्हता, ते तिचं मानपत्र होतं.

मंगळवारी फेरीहून आली, हौदाशी जाऊन पाहते तर फरशीवर खडूने काहीतरी काढलेलं. अर्धं पुसलेलं. वाकून पाहिलं. पावलाचा आकार होता. खून झाला की मेलेल्याभोवती रेघ ओढतात म्हणे, तशी एका पावलाभोवती रेघ. टाच, बाजू आणि पुढे बोटांचा चांगला ऐसपैस घेर.

"हे काय गं?"

"कुठे काय?" सून इस्त्रीवरची मान वर न करता म्हणाली. पण दुसऱ्या क्षणाला ओला फडका घेऊन आली आणि पुसून गेलीसुद्धा.

मालकीण विचारात पडली. पाऊल कोण मोजतं? ज्याला दुसऱ्याच्या वहाणेत पाय घालायचा असतो तो. पाऊल चांगलं मोठं होतं, म्हणजे आपलं नव्हे. सुनेचंच असणार. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते हौदातलं नव्हतं.

बुधवारी लेक तिला पायांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेला. "एकदा दाखव, मग मी फेरीबद्दल शब्द काढणार नाही," असं त्याने कबूल केलं म्हणून ती गेली. डॉक्टरीण अगदीच कोवळी पोरगी होती. तिने दोन बोटांनी नेमका तो निखारा दाबला. मालकिणीच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त ज्या खुर्चीत ती बसली होती तिचा हात कुरकुरला.

"दुखलं?"

"छे. तुमची खुर्ची जुनी आहे."

डॉक्टरणीने तिची चप्पल उचलली आणि वर्तमानपत्राची घडी घालावी तशी दुमडली. "आजी, हिला तळ म्हणायचा? पेडलची दांडी हिच्यातून सरळ हाडाला लागतेय. आणि पुढून इतकी अरुंद, की हाडं एकमेकांवर दाबून मधली शीर चेंगरतेय. पुढून रुंद आणि तळाला कडक असा बूट घ्या. पेडलही रुंद बसवा. आणि पाय पेडलवर थोडा पुढे सरकवून ठेवा, म्हणजे दुखतं तिथे दांडी येणार नाही. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय फुगतात. दोन्ही पाय उभं राहून मोजा. नंबर काय तुमचा?"

"पाच."

डॉक्टरणीने पायाकडे पाहिलं, चपलेकडे पाहिलं, परत पायाकडे पाहिलं. "पण टाच मागे बाहेर येतेय की."

"धुतली ती. आटलीय."

"रबर आटतं?"

"आमचा धंदा धुण्याचा आहे बाई. काय आटतं ते आम्हाला विचारा."

"आणि हे सगळं नाही बदललं तर?" लेकाने मधेच विचारलं.

"तर सायकल बंद ठेवावी लागेल."

लेकाने मान डोलावली. मालकिणीने ती डोलणारी मान नीट पाहून ठेवली. एवढी मनापासून त्याने लग्नातसुद्धा डोलावली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी सून तिला सायकलच्या दुकानात घेऊन गेली. सायकलवाला दात नसल्यासारखा तोंडातल्या तोंडात बोलायचा, पण हात मात्र हुशार. त्याने आधी एक चकचकीत बूट काढला, ज्याच्या तळाला लोखंडी खटका होता. "मावशी, हा पेडलमध्ये खट्कन अडकतो. पाय हलत नाही, ताकद वाया जात नाही. शर्यतवाले हेच वापरतात."

"आणि कुत्रं आडवं आलं तर?"

"टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. सुटतो."

"तेवढ्यात मी आडवी! चाळीस घरी चाळीस वेळा उतरते मी. दर वेळी टाचा वळवत बसू? आणि माझा पाय कुणी कुठे अडकवून ठेवलेला मला चालायचा नाही." हे शेवटचं वाक्य तिने सुनेकडे बघून म्हटलं. सून पंपांकडे बघत होती.

"बरोबर आहे तुमचं," सायकलवाला म्हणाला. "शिवाय तुमच्यासारख्या दुखण्याला पाय मधूनमधून हलवता आला तर बरं. सपाट पेडल घ्या." त्याने हातभर वाटेल असं रुंद पेडल काढलं. वर बारीक खिळे होते, पाय घसरू नये म्हणून. मग तो सायकलचं जुनं पेडल काढायला बसला. उजवं पेडल नेहमीसारखं सुटलं. डाव्याला त्याने पाना उलट्या बाजूला फिरवला.

"ए, थांब! आवळतोयस की सोडतोयस? सव्वीस वर्षांचं पेडल तोडशील."

"मावशी, डाव्या पेडलचे आटे उलटेच असतात. सरळ असते तर पाय मारता मारता आपोआप सुटून पडलं असतं."

"हे मला आजवर कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणाला विचारलं?" सून म्हणाली. हळूच म्हणाली, पण म्हणाली.

मग बूट. सायकलवाल्याने पाय मोजायची पट्टी पुढे केली. मालकिणीने पाय मागे घेतला.

"मोजायचं काय त्यात? पाच दे."

"आई, डॉक्टर म्हणाल्या—"

"डॉक्टर काल जन्मली. माझा पाय माझ्याजवळ साठ वर्षं आहे."

पाच नंबरचा बूट आला. तो पायात घालायला मालकीण, सायकलवाला आणि एक चमचा असे तिघे लागले. उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अगदी माझ्यासाठी केल्यासारखा," ती म्हणाली.

सून आणि सायकलवाला यांची नजरानजर झाली. मालकिणीने तीही टिपली. "हा रंग नको," सून घाईघाईने म्हणाली. "मळखाऊ राखाडी बघू. उद्या येणार आहेत ना हो राखाडी?" सायकलवाला आधी गोंधळला, मग म्हणाला, "उद्या. हो हो. उद्याच." एवढं शिकवलेलं उत्तर शाळेतलं पोरसुद्धा देत नाही. मालकीण शाळेत दोनच वर्षं गेली होती, पण तेवढं तिला कळत होतं.

शुक्रवारी फेरीहून परतली तर दाराशी असलेली तिची खुर्ची हातभर खिडकीकडे सरकलेली. फक्त हातभर. पण सुरुवात अशीच होते. तिने खुर्ची ओढून जागेवर आणली आणि जेवून मधल्या खोलीत आडवी झाली. झोपली नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी डोळे मिटून पडून राहिली. थोड्या वेळाने मागच्या गल्लीत घंटी वाजली. आपल्या सायकलची घंटी तिने झोपेतही ओळखली असती.

खिडकीच्या फटीतून पाहिलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. सून सायकलवर बसली होती. एक हात भिंतीला, दुसरा हँडलला. आणि पायात नवेकोरे राखाडी बूट! पाय पेडलवर पुढे करी, मागे करी, वाकून बघे, पुन्हा पुढे करी. मग खिशातून कसली तरी बाटली काढून पेडलवर काहीतरी फासलं.

आता संशय कसला उरला? पाऊल मोजून झालं होतं, बूट आणून झाले होते, खुर्ची सरकवून झाली होती. तालीमही सुरू झाली. म्हणजे चहा फुकट नव्हताच. मालकीण पुन्हा आडवी झाली आणि छताकडे बघत पहिल्यांदाच तिने सासूला मनातल्या मनात हाक मारली. सासू काही बोलली नाही. जिवंत असतानाही शेवटी ती बोलायची थांबलीच होती.

शनिवारी सकाळी सुनेने तेच राखाडी बूट तिच्यापुढे ठेवले.

"आई, आले बघा. पाच नंबर."

"खोका कुठाय?"

"दुकानातच राहिला."

"कुणाच्या पायातून आले?"

"म्हणजे?"

"काही नाही." तिने बुटाची जीभ वर केली. आत छोट्या फितीवर पाच होता. पाय आत घातला. चमचा लागला नाही, सायकलवाला लागला नाही. पाय सरळ गेला आणि आत जाऊन ऐसपैस बसला. बोटं हलली. सगळी हलली. मधली दोनसुद्धा.

नवीन बूट पहिल्या दिवशी चावत नाही, हे मालकिणीने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. चांगल्या घरची माणसंसुद्धा पहिल्या दिवशी थोडी चावतात. बुटाने इतकं गोड वागायचं कारण काय? पण फेरीची वेळ झाली होती. तिने गठ्ठे बांधले आणि निघाली. नव्या पेडलवर एक बारीक लाल रेघ होती. बुटाचं टोक तिथे लावून पाहिलं तर निखारा निखारा राहिला नाही, राख झाला. वळणापर्यंत गेली, बत्तीस घरं झाली, तरी राखच. चढ मात्र तिने केला नाही, ती आठ घरं त्या दिवशी लेकाला करू दिली. भीती दुखण्याची नव्हती. दुखलं नाही तर काय समजायचं, याची होती.

रविवारी फेरी नसते. सगळे मागे कामात असताना मालकीण दाराशी खुर्चीवर बसली आणि बूट मांडीवर घेतला. वास घेतला. शिवण पाहिली. तळ दुमडून पाहिला, दुमडला नाही. मग जीभ उलटी केली आणि त्या पाचाच्या फितीवर तिचा अंगठा थांबला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. लाँड्रीत चाळीस घरांचे कपडे एकाच पाण्यात पडतात. कुणाचं काय हे कळावं म्हणून प्रत्येक कपड्याला आतून एक फीत आणि फितीवर दोऱ्याने खूण. ही खूण शिवायची या घराची पद्धत होती. टाका बारीक, चारही बाजूंनी, आणि शेवटची गाठ वर न ठेवता सुईने फितीखाली ओढून घ्यायची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मानेला टोचत नाही. ही पद्धत मालकिणीला सासूने शिकवली होती आणि मालकिणीने सुनेला. शिकवताना सुनेचे टाके तिने अकरा वेळा उसवले होते.

फितीची गाठ आत होती.

कारखान्यात यंत्र शिवतं, आणि यंत्राला गिऱ्हाइकाच्या मानेची काळजी नसते. मालकिणीने किल्लीच्या टोकाने एक टाका उचलला. मग दुसरा. फीत एका बाजूने सुटली आणि तिच्याखाली, बुटावरच छापलेला, ठसठशीत सात निघाला.

ती बराच वेळ त्या साताकडे बघत बसली. सातही तिच्याकडे बघत बसला.

मग उठली आणि बूट नेऊन इस्त्रीच्या टेबलावर आपटला.

"हे काय आहे?"

सुनेने इस्त्री उभी केली, रेडिओ बंद केला. "बूट."

"मलाही दिसतंय. खाली सात आहे."

"हो."

"ते खडूचं पाऊल कुणाचं?"

"तुमचंच. तुम्ही सकाळी हौदावरून ओल्या पायाने निघालात, ठसा उमटला, तो वाळायच्या आत रेघ ओढली. दुसरं काय करणार? टाच चपलेबाहेर येते ते मला आधीच दिसत होतं, पण तुम्ही पट्टीवर पाय ठेवणार होतात?"

"परवा सायकलवर बसून काय चाललं होतं?"

"डॉक्टर म्हणाल्या पाय पुढे ठेवा. किती पुढे ते तुम्ही विचारलं नाहीत. मग मी तुमचे बूट घालून बघितलं आणि नखांच्या रंगाने रेघ मारली. मला ते ढगळ होतात, पण अंदाज आला."

"आणि खुर्ची?"

"कुठली खुर्ची?"

"दाराशी होती ती. हातभर सरकवली होतीस."

"झाडू मारला, आई."

हे पटण्यासारखं होतं. पण एवढ्यावर सोडेल ती मालकीण कसली? "ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. फेरी पाहिजे ना तुला? सरळ सांग."

सून आधी हसली. मग तिला खरोखरच राग आला.

"मला? फेरी? अहो, तिसऱ्या घरात ते कुत्रं, सतराव्या घरातले आजोबा भिंग घेऊन डाग मोजतात, आणि सगळ्यांच्या वर आत्याबाई! उद्या तुम्ही घरी बसलात तर कोण जाणार? यांना यंत्रं सोडता येत नाहीत. मीच जाणार. इथे मला पंखा आहे, रेडिओ आहे, कुणी माझ्याशी बोलत नाही. आणि तुम्ही बसणार कुठे? इथेच ना? संध्याकाळी मी परत आले की दिवसभराची इस्त्री माझ्या डोक्यावर बसून बघणार. कॉलर अशी नाही, बाही तशी नाही." तिने दम घेतला. "तुमचा पाय चालला तर माझे दिवस बरे जातात. म्हणून सात घेतले. आणि सात म्हटलं असतं तर तुम्ही पायात घातले असते का? म्हणून पाच शिवला. झालं?"

मालकिणीने टेबलावरचा बूट उचलला. आठवडाभराच्या सगळ्या गोष्टी तिच्या डोक्यात एकेक करून जागेवर बसत होत्या. सून जर म्हणाली असती की आई, तुमच्यावरच्या मायेने केलं, तर तिने आणखी महिनाभर किल्ली चाचपली असती. पण हा स्वार्थ होता, स्वच्छ धुतलेला, कडक इस्त्रीचा, कुठे डाग नाही. असल्या मालावर तिचा विश्वास होता.

"त्याला माहीत आहे? सात?"

"यांना? यांना स्वतःचा नंबर माहीत नाही."

"दोरा दे."

"कशाला?"

"टाका सैल आहे तुझा. पहिल्या चढाला उसवेल." तिने सुई डोळ्यांपुढे धरली, पहिल्याच झटक्यात ओवली आणि खुर्चीत बसून फीत परत शिवली. बारीक टाके, चारही बाजूंनी. गाठ आत ओढली. सुनेने रेडिओ लावला. थोड्या वेळाने मालकीण म्हणाली, "ती बाही बघ. चुणी पडलीय."

"बघा. म्हणूनच," सून म्हणाली.

सोमवारी मालकीण चढाला लागली. बुटाची टोकं लाल रेघेला, गठ्ठे कॅरियरला. खालच्या वळणावर तिने मागे वळूनही पाहिलं, कुणी पाठीवर आहे का म्हणून. कुणी नव्हतं. अर्ध्या चढाला दम लागला, पण तो छातीला लागला, पायाला नाही. छातीच्या दमाला ती दम मानतच नसे. सात घरं केली आणि आठव्याच्या फाटकापाशी, सायकलवर बसूनच, घंटी वाजवली.

नणंद खिडकीतून दारात आली. "आज ढकलत नाही आलीस?"

"ढकलायला माणूस ठेवला होता वन्सं, तो सुटीवर आहे. पण चहाड्या करणारं माणूस कामावर दिसतंय."

"मी आपली काळजीने बोलले."

"काळजी मळकी झाली असेल तर द्या, धुऊन आणते."

नणंदेने ते ऐकून घेतलं, कारण तिची नजर खाली गेली होती. "बूट घेतलेस?"

"घेतले."

"केवढे मोठे दिसतात. किती नंबर?"

"पाच." मालकिणीने उतरून पाय उंबऱ्यावर ठेवला, नाडी सैल केली आणि जीभ वर करून दाखवली. "नव्या पद्धतीचे आहेत. पुढून रुंद असतात."

नणंदेने चष्मा लावला. वाकली. बोटाने फीत चाचपली. तिला एवढा वेळ लागला, की मालकिणीला तळव्याची आठवण झाली.

"गाठ आत आहे," नणंद म्हणाली.

"काय?"

"आमच्या आईची पद्धत आहे ही. कारखान्यात कुठे गाठ आत घेतात? टाका तुझा आहे."

मालकिणीच्या तोंडाशी चार उत्तरं आली. तिने त्यातलं एकही दिलं नाही.

"टाका माझा," ती म्हणाली, "पायही माझा. मग?"

नणंद आत गेली. आता ही फोन उचलणार, मालकिणीने ओळखलं. आधी लेकाला, मग सगळ्या गावाला. पण नणंद बाहेर आली ती हातात स्वतःचा एक तपकिरी बूट घेऊन.

"यात सहा शिवून दे. माझ्या डोळ्यांना आता सुई दिसत नाही."

"आठाचे एकदम सहा? वन्सं, बघणारे आंधळे आहेत का?"

"मग सात."

"कुणाला दाखवायचंय?"

"तुला काय करायचंय? देणार आहेस की नाही?"

"गुरुवारी," मालकीण म्हणाली आणि बूट मळक्या कपड्यांच्या पिशवीत टाकला.

उताराला लागली तरी तिच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. जिला आता सुई दिसत नाही, तिला आधी दिसत असणारच. वळणावर तिने ब्रेक दाबला, एक पाय टेकला, पिशवीतून तो तपकिरी बूट काढला आणि जीभ वर केली. फितीवर आठ होता. तिने फितीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

गाठ आत होती.

मालकीण इतकी हसली, की समोरून येणारा एक माणूस रस्त्याच्या पलीकडे गेला. आठाखाली नऊ होता की दहा, ते गुरुवारी उसवल्यावर बघू, असं म्हणून तिने बूट पिशवीत ठेवला, पिशवीचं तोंड दोन गाठी मारून बांधलं आणि पाय पुन्हा लाल रेघेला लावला.